मालाचा लौकिक आणि मोबाइलवरील अभिप्राय

सांप्रत शेतमाल विकण्याच्या धंद्यांत एक नवीन गोष्ट शिरली आहे व तिच्याकडे आपल्या वर्गाचें जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं, म्हणून हे चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें. पूर्वीं शेतकऱ्याची अगर लहान दुकानदाराची पत दोन ठिकाणीं ठरत असे. एक पेढीवरच्या वहींत व दुसरी गांवच्या चावडीवर. दोन्ही ठिकाणीं पत ठरविणारीं माणसें ओळखीचीं असत. कोणीं कांहीं वावगें बोललें तर त्याच्या दारीं जाऊन विचारतां येत असे. आतां पतीचें तिसरें ठिकाण निर्माण झालें आहे. तें म्हणजे परक्या मनुष्याच्या हातांतील मोबाइल. तेथें लिहिणारा कोण, कोठला, त्यानें आपला माल घेतला होता कीं नाहीं, याचा पत्ता पुष्कळदां लागत नाहीं. परंतु त्याचें लिहिणें मात्र शेंकडों लोक वाचतात, आणि त्यावर विश्वास ठेवून आपल्या दारावरून पुढें निघून जातात.

हें प्रकरण शहरांतील बड्या हॉटेलांचें आहे, त्याच्याशीं आपला काय संबंध, असें कोणी समजूं नये. आपल्या पालीचेंच उदाहरण घ्या. श्रीबल्लाळेश्वर हा अष्टविनायकांपैकीं एक असल्यामुळें संकष्टी, अंगारकी, भाद्रपद व माघांतील चतुर्थी या दिवसांत मुंबई-पुण्याकडील यात्रेकरूंची येथें रीघ लागते. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोह्याचे पापड, मिरगुंडें, कोकम आणि कडवे वाल यांची विक्री चालते. या विक्रीवर एकटा दुकानदार जगत नाहीं. भात कापल्यावर जमिनींत राहिलेल्या ओलीवर वाल घेणारा शेतकरी, घरीं बसून पापड लाटणाऱ्या बायका, उन्हाळ्यांत रानांतून करवंदें आणणाऱ्या कातकरी व ठाकर भगिनी, या सर्वांचा चार पैशांचा वांटा त्या एका पिशवींत असतो. आणि ती पिशवी कोणत्या दुकानीं घ्यावयाची हें यात्रेकरू आतां पालीस येऊन ठरवीत नाहीं. खोपोलीस मोठा रस्ता सोडतांच गाडींतील एखादी मुलगी गूगलच्या नकाशावर शोध घेते, कोणाला किती तारे मिळाले आहेत तें पाहते, खालचे दोन-चार अभिप्राय वाचून दाखविते, आणि पांच माणसांचें जेवण व दोन किलो पापड कोठें घ्यावयाचे हें देवळाचा कळस दिसण्यापूर्वींच ठरून जातें.

यावर आपल्यांतील वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, माल चोख असेल तर त्याला जाहिरात नको. चोख माल स्वतः बोलतो. हें म्हणणें अर्धें खरें आहे. चोख माल बोलतो खरा, पण तो ज्यानें खाल्ला त्याच्याशींच बोलतो. जो अद्याप आलाच नाहीं त्याच्याशीं दुसरा कोणी बोलत असतो. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक मायकेल ल्यूका यांनीं सिएटल शहरांतील उपाहारगृहांचा हिशेब तपासून 2011 सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. ग्राहकांच्या अभिप्रायांत एक तारा अधिक मिळाला तर विक्री शेंकडा 5 ते 9 इतकी वाढते, असें त्यांना आढळलें. त्याहूनहि महत्त्वाची गोष्ट ही कीं, गांवोगांव शाखा असलेल्या मोठ्या साखळी-उपाहारगृहांवर या ताऱ्यांचा परिणाम दिसला नाहीं. तो दिसला एकट्यादुकट्याच्या लहान धंद्यांवर. त्याचें कारण उघड आहे. मोठ्याचें नांव आधींच सर्वांना ठाऊक असतें. लहानाचें नांव परक्याला या अभिप्रायांवरूनच कळतें. म्हणून या गोष्टीचा नफा व तोटा, दोन्ही आपल्यासारख्यांच्याच वांट्याला अधिक येतात.

माझ्या पाहण्यांतील एक प्रकार सांगतों. एक घरगुती खाणावळ आहे. नांव सांगण्याचें कारण नाहीं. एका अंगारकीस गर्दी लोटली. एक कुटुंब तासभर ताटकळलें. त्यांची पाळी आली तेव्हां बिरड्याची उसळ संपली होती व भात गार झाला होता. त्या गृहस्थानें विचारणा केली, तर वाढणाऱ्या मुलानें त्रासून उत्तर दिलें. संध्याकाळीं त्या गृहस्थानें एक तारा देऊन घडलेला प्रकार चार ओळींत लिहिला. त्यांत खोटें असें कांहीं नव्हतें. परंतु खाणावळवाल्याच्या चिरंजिवांनीं त्याच रात्रीं रागाच्या भरांत उत्तर लिहिलें कीं, तुम्हांला फुकट जेवावयाचें होतें म्हणून ही बोंब. झालें! त्या गृहस्थाच्या चार ओळी लोक कदाचित् विसरले असते, पण हें उत्तर कोणी विसरेना. पुढें एका बाईनें दारांत उभें राहून विचारलें, "येथें कांहीं मागितलें तर भांडण नाहीं ना होणार?" हा प्रश्न घरच्या वहिनींनीं ऐकला. त्यांनीं दुपारीं मुलाला जवळ बसवून जुनें उत्तर काढावयास लावलें व दुसरें सांगितलें. त्या दिवशीं गर्दीचा अंदाज चुकला, भात गार होता हें खरें, मुलानें असें बोलावयास नको होतें, आतां पाळीच्या चिठ्ठ्या देतों व दुसरी चूल मांडली आहे. पुन्हां आलांत तर ओळख द्या. इतकाच त्याचा आशय. आणि त्यांनीं चूल खरोखर मांडली होती, हें विशेष. तो एक तारा आजहि तेथेंच आहे. परंतु आतां त्याच्याखालीं वाचणाऱ्याला भांडण दिसत नाहीं, एक जबाबदार घर दिसतें.

मी महसूल खात्यांत कारकुनींत आयुष्य घालविलें, त्यामुळें मला ही गोष्ट आपल्या सातबाऱ्याच्या दाखल्यानें अधिक नीट समजते. जमिनींत फेरफार झाला कीं तो गांव नमुना 6 मध्यें नोंदला जातो, संबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत घेतां येते, आणि हरकत आली तर ती नमुना 6-अ मध्यें दाखल होऊन तिची चौकशी होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 157 प्रमाणें हक्कनोंदणींतील नोंद ही, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. नोंद झाली तेव्हां घरीं स्वस्थ बसलेला व पुढें वीस वर्षांनीं कचेरीच्या पायऱ्या झिजविणारा मनुष्य मीं शेंकड्यांनीं पाहिला आहे. मोबाइलवरील अभिप्राय ही सुद्धां आपल्या पतीची एक फेरफार-नोंदच आहे. फरक इतकाच कीं, तिची नोटीस तलाठी आणून देत नाहीं, आणि ती करणाऱ्याला कोणी पुरावा विचारीत नाहीं. पण लोक मात्र ती खरी मानून चालतात. तेव्हां जो आपली नोंद वेळेवर पाहणार नाहीं व खोट्या नोंदीवर शांतपणें हरकत घेणार नाहीं, त्याचें नुकसान त्याच्या गैरहजेरींत होत राहील. मालकाला तेथें उत्तर लिहिण्याची सोय आहे. तोच आपला हरकतीचा अर्ज समजावा. आणि हरकतीचा अर्ज लिहितांना ज्याप्रमाणें शिवीगाळ उपयोगाची नसते, तारीख, वार व घडलेली गोष्ट लिहावी लागते, त्याचप्रमाणें येथेंहि वागावें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. अलीकडे असे लोक निघाले आहेत कीं जे पैसे घेऊन पन्नास-शंभर स्तुतिपर अभिप्राय लिहवून देतों म्हणून सांगतात. त्यांच्या नादीं लागण्याची इच्छा आपल्यांतील कांहीं तरुण बांधवांना होते. सर्वच असें करतात, मग आपण मागें कां राहावें, असा त्यांचा सवाल असतो. कोणी पैसे देत नाहीं, पण आत्या-मामांच्या मुलांना सांगून पांच-पांच तारे गोळा करतो. माझें स्पष्ट मत असें आहे कीं, ही बियाण्यांतील भेसळ आहे. भेसळीचें बीं पेरणाऱ्याला पहिल्या दिवशीं शेत सारखेंच दिसतें. फसवणूक लोंबी भरण्याच्या वेळीं कळते. पन्नास खोटे अभिप्राय वाचून आलेला यात्रेकरू शेवटीं खऱ्या पानावरच बसतो. अपेक्षा वाढवून ठेवलेली असल्यामुळें साधारण बऱ्या जेवणावरहि तो रागावतो, आणि मग तो जें लिहितो तें खरें असतें.

या खोट्या स्तुतीनें काय काय होऊं शकतें याचा एक मासला विलायतेंत घडला. लंडन येथें 2017 सालीं ऊबा बटलर नांवाच्या एका लेखकानें आपल्या बागेंतील लाकडी खोपटाला उपाहारगृहाचें नांव दिलें आणि मित्रांकरवीं त्याच्या स्तुतीचे अभिप्राय एका प्रसिद्ध प्रवासी संस्थळावर लिहविले. कांहीं महिन्यांत, एकाहि गिऱ्हाइकाला घांसभर अन्न न वाढतां, तें खोपट सबंध लंडनमधील पहिल्या क्रमांकाचें उपाहारगृह म्हणून तेथें झळकूं लागलें. लोक जागा राखून ठेवण्यासाठीं विनवण्या करीत होते. त्यानें ही गोष्ट स्वतःच उघडकीस आणली म्हणून जग हंसलें. परंतु त्याच शहरांत वर्षानुवर्षें प्रामाणिकपणें चूल पेटविणाऱ्या खाणावळवाल्यानें हंसावें कीं रडावें? खोट्याचें पीक फोफावलें कीं खऱ्याच्या ताऱ्यांचीहि किंमत उरत नाहीं, हा त्यांतील बोध आहे.

सरकारें आतां या बाबतींत जागीं होत आहेत. आपल्या देशांत ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 हा जुलै 2020 पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें नेमलेल्या केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 10 लाख रुपयांपर्यंत, व तोच अपराध पुन्हां घडल्यास 50 लाखांपर्यंत, दंड करण्याचा अधिकार आहे. 2022 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें, मालाची शिफारस करणाऱ्याचा व्यापाऱ्याशीं कांहीं देण्याघेण्याचा संबंध असेल तर तो उघड करणें भाग आहे. पैसे देऊन लिहविलेली स्तुति ही जाहिरातच होय, असें माझें मत आहे. त्याच वर्षीं नोव्हेंबरमध्यें भारतीय मानक ब्यूरोनें अशा अभिप्रायांसाठीं आयएस 19000 हें मानक काढलें. तें ऐच्छिक स्वरूपांत काढलें, परंतु विकत घेतलेले अभिप्राय छापूं नयेत हें त्यांतील तत्त्व साऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अमेरिकेंत ऑक्टोबर 2024 पासून, व ब्रिटनमध्यें एप्रिल 2025 पासून, खोटे अभिप्राय विकत देण्याघेण्यास कायद्यानें मनाई झाली आहे. कायद्याचें भय मी दुय्यम समजतों. पण ज्याला भयाशिवाय समजत नाहीं त्यानें तें तरी धरावें.

खोटी स्तुति वाईट, तशीच खोटी निंदाहि वाईट. शेजाऱ्याचें दुकान चालतें म्हणून परक्या नांवानें त्याच्या पापडांत खडे निघाले असें लिहिणें, हा बांध कोरण्याचाच प्रकार आहे. ज्यावर अशी वेळ येईल त्यानें प्रथम आपल्या विक्रीच्या वहींत पाहावें. तो मनुष्य त्या दिवशीं आला होता काय, याची खात्री करावी. आला नसेल तर उत्तरांत तसें सौम्य शब्दांत लिहावें आणि तो अभिप्राय काढून टाकण्याविषयीं संस्थळाच्या चालकांकडे तक्रार करावी. तशी सोय तेथें असते. अब्रुनुकसानीसाठीं भारतीय न्याय संहितेंत कलम 356 आहे, पण कोर्टाची पायरी शेवटची समजावी. आणि एक गोष्ट विसरूं नये. ज्यानें खरी उणीव दाखविली तो निंदक नव्हे. त्यानें फुकट तपासणी करून दिली, असें मानून त्याचे आभारच मानावेत.

आतांपर्यंत एकेकट्याच्या नांवाविषयीं झालें. परंतु आपल्या धंद्यांत एक सामाईक नांवहि असतें व तें अधिक जपावें लागतें. आपल्या जिल्ह्यांतील अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचें उदाहरण डोळ्यांपुढें आहे. भात निघाल्यावर घेतला जाणारा, चवीला गोडसर, पातीच्या वेण्या घालून माळांनीं विकला जाणारा हा कांदा. जिल्हा कुलाबा या नांवानें ओळखला जात होता त्या काळच्या, 1883 सालच्या गॅझेटियरमध्येंहि त्याचा उल्लेख आहे. 2022 सालीं त्यास भौगोलिक मानांकन मिळालें. असें असूनहि इतर भागांतील पांढरा कांदा रस्त्याच्या कडेला अलिबागचा म्हणून विकला जातो, ही तक्रार कायम आहे. हापूस आंब्यास रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या पांच जिल्ह्यांसाठीं 2018 सालीं मानांकन मिळालें. तरी परप्रांतांतील आंबा हापूसच्या नांवाखालीं बाजारांत येतोच. अशा वेळीं फसलेलें गिऱ्हाईक त्या एका विक्रेत्याचें नांव लिहीत नाहीं. ते लिहितें कीं, अलिबागचा कांदा आतां पूर्वींसारखा राहिला नाहीं. एकाच्या लबाडीची नोंद साऱ्या तालुक्याच्या नांवावर पडते. पालीच्या पापडाला असें मानांकन नाहीं, पण नांव आहे. बाहेरून स्वस्तांत आणलेला माल घरचा म्हणून विकणारा दुकानदार हें नांव इतरांच्या खिशांतून खर्च करीत असतो.

आतां करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. पहिलें, नकाशावर आपलें दुकान अगर शेत आपल्या नांवावर करून घ्यावें. ती नोंद बेवारस ठेवूं नये. आपलें गांव कोणतें पाली, हेंहि त्यांत स्पष्ट यावें. कारण रत्नागिरीजवळ एक पाली आहे, खंडोबाची पाली सातारा जिल्ह्यांत आहे, आणि राजस्थानांत तर पाली नांवाचा जिल्हाच आहे. तालुका सुधागड, जिल्हा रायगड, इतकें लिहिल्यानें चुकून भलतीकडे फोन लागण्याचें टळेल. दुसरें, उघडण्याची व मिटण्याची वेळ खरी लिहावी, आणि अंगारकीच्या दिवशीं किती वाट पाहावी लागेल हें आधींच सांगावें. तिसरें, मालाच्या पिशवीवर नांव, पत्ता, वजन, तारीख व अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक छापावा. ज्याचा पत्ता सांपडतो त्याच्याविषयीं लोक एकदम वाईट लिहीत नाहींत, आधीं फोन करून सांगतात. चौथें, समाधानानें जाणाऱ्या गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहिण्याची विनंति जरूर करावी, पण त्याबद्दल सूट अगर भेटवस्तु देऊं नये, आणि जो नाखूष दिसतो त्याला वगळून खूष दिसतो त्यालाच विचारावें असेंहि करूं नये. पांचवें, आलेल्या तक्रारीस दोन दिवसांचे आंत उत्तर द्यावें. रागाच्या भरांत मात्र त्याच रात्रीं देऊं नये.

हें सर्व एकट्या शेतकऱ्याला झेपणार नाहीं, हें मी जाणतों. पुष्कळांच्या घरीं मोबाइल मुलाच्या हातीं असतो आणि वडिलांना आपल्याविषयीं काय लिहिलें गेलें याचा गंधहि नसतो. म्हणून माझी सूचना अशी आहे कीं, आपल्या संघानें दोन तरुण व एक वडील अशा तिघांची एक लहानशी समिति नेमावी. तिनें महिन्यांतून एकदां, संकष्टीनंतर, सभासदांच्या नांवावर आलेले अभिप्राय वाचून ज्याचे त्याला कळवावेत, उत्तर लिहिण्यास मदत करावी, आणि एकच तक्रार चार ठिकाणीं दिसली तर ती सभेपुढें मांडावी. खोटे अभिप्राय विकत घेणार नाहीं व बाहेरचा माल घरचा म्हणून विकणार नाहीं, अशी लेखी कबुली प्रत्येक सभासदाकडून घ्यावी. जो ती मोडील त्याला संघाचें नांव पिशवीवर छापण्याची परवानगी देऊं नये. हें कडक वाटेल. परंतु ज्या नांवावर पापड लाटणाऱ्या बाईची रोजची चूल अवलंबून आहे, तें नांव कोणा एकाच्या घाईवर सोपवितां येत नाहीं.

शेवटीं इतकेंच म्हणतों कीं, मोबाइल नवा असला तरी त्यावर ठरणारी पत जुनीच आहे. वजन पुरें, माल घरचा, बोलणें गोड आणि चूक झाली तर कबूल, या चार गोष्टींनीं ती पूर्वीं मिळत होती व आजहि मिळते. आतां त्या चार गोष्टी घडल्याची नोंद नीट होते आहे कीं नाहीं एवढें पाहण्याचें काम मात्र वाढलें आहे. तें काम हलकें समजून कोणीं टाळूं नये. येत्या मासिक सभेंत वरील सूचनेवर बंधुभगिनींनीं साधकबाधक विचार करावा, अशी माझी नम्र विनंति आहे.